नाक कुणाचं?

मालनमावशींच्या आधी त्यांचा आवाज घरात शिरायचा. "वैनी, पानी तापलंय का? का आजबी मलाच तापायला लावताय?"

मावशी मूळच्या सांगोल्याकडच्या. भवानी पेठेत बाळंतिणींना तेल लावून आंघोळ घालायच्या. सासूबाईंनी त्यांना माझ्या सातव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. पण माझी मुलगी जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात वारली. सासूबाईंनी फोन करून कळवलं, आता येऊ नका.

मावशी तरीही आल्या. दारातूनच म्हणाल्या, "लेकरू न्हाय म्हणून पोरीचं अंग दुखायचं थांबलं व्हय? बाळंतीण ती बाळंतीणच की."

मी मुळातच अबोल. त्यात कुणी "बरी आहेस ना?" विचारलं की शाळेतल्यासारखं "आय अ‍ॅम फाइन" म्हणायचे आणि विषय संपायचा. घरात बाळाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मावशी पाठ रगडताना गावच्या शेळीची गोष्ट सांगायच्या. तिने डाळिंबाची रोपं फस्त केली आणि वर मावशींकडेच बघून ढेकर दिली. मी हसत नसे. "नगं हसू," त्या म्हणायच्या, "शेळीला आवडत न्हाय."

एका सकाळी माझं पोट बांधताना त्यांनी सहज विचारलं, "नाक कुणाचं व्हतं गं तिचं?"

मी दचकले. हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि मला तर ते पक्कं माहीत होतं.

"अण्णांचं," मी म्हणाले. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या नाकाची ख्याती अख्ख्या पेठेत.

मावशींचे हात थांबले. "अगं बया! एवढुश्या तोंडावर ते नाक? मावलं कुटं?"

मला हसू फुटलं. हसता हसता मी रडायला लागले, तरी हसू थांबेना. मावशी तेलकट हातांनी माझे डोळे पुसत होत्या, त्यामुळे ते आणखी चुरचुरत होते.

बाहेरून अण्णांचा आवाज आला. "खरंच माझं होतं?"

"होतं," सासूबाई म्हणाल्या. "मीही पाहिलं."

त्या दिवशी चहाला आम्ही पहिल्यांदा तिच्याबद्दल बोललो. तिच्या जावळाबद्दल, मुठीबद्दल. अण्णा अधूनमधून स्वतःचं नाक चाचपत होते.

मावशी आता गावी मुलाकडे असतात. गेल्या महिन्यात माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची मुलगी जन्मतःच गेली. मी तिच्या जिन्यातूनच परत फिरणार होते. पण वर गेले, तिच्या पलंगाशी उभी राहिले आणि विचारलं, "कुणासारखी होती गं?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग सरकून मला जागा करून दिली. "बस," ती म्हणाली, "सांगते."