पहिला घाव कुणाचा

कारखान्यात तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. शिक्षण नववी, तेही धड पुरं नाही. पण बिघडलेल्या पंख्याची घरघर ऐकूनच ती त्याचं दुखणं सांगायची. ऐन तारुण्यात नवरा गेला, मुलगी पदरात, आणि दिराच्या पंखेदुरुस्तीच्या दुकानात कॉइल गुंडाळता गुंडाळता तिचा हात बसला. त्या हातावर तिनं मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं आणि पंख्यांच्या या कारखान्यात चोवीस वर्षं दुरुस्तीचं टेबल सांभाळलं. टेबल कसलं, गोदामाच्या कोपऱ्यातली लांब फळी! पण तिथे सहा बायका बसत आणि ग्राहकाकडून परत आलेला पंखा फिरता होऊनच बाहेर पडे.

मोठे साहेब थकले, धाकटे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. फक्त त्यांना सगळं नवं हवं होतं आणि तेही कालच. आल्याआल्या त्यांनी पंख्याचं डिझाइन बदललं. पुढच्या वर्षी जिन्यात हिरव्या पानाचं पोस्टर लागलं, 'पृथ्वी आपली, जबाबदारी आपली'. त्याच आठवड्यात फर्मान निघालं: दुरुस्ती परवडत नाही, परत आलेला पंखा फोडायचा आणि ग्राहकाला नवा द्यायचा. सहा जणींतल्या दोघी पॅकिंगला, चौघी घरी. आणि जाण्याआधी साठलेले एकशे चाळीस पंखे त्यांनीच हातोड्यानं फोडायचे, म्हणजे भंगारातून उचलून कुणी विकायला नको. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्या, वर धोंडाही तुम्हीच वाहून आणा!

"आई, तुझं नाव पॅकिंगच्या यादीत आहे ना? पगार तोच," मुलगी म्हणाली. "कशाला उगाच वाकड्यात शिरतेस?"

"माझं आहे गं. त्या चौघींचं काय?"

सकाळी फळीवर हातोडा ठेवलेला होता. बाकीच्या पाच जणी त्याच्याकडे साप बघावा तसं बघत होत्या. डॉक्टरणीनं ढिगातला वरचा पंखा बगलेत मारला, हातोडा, पेचकस नि तेलाची कुपी उचलली आणि तडक जिना चढून ती मीटिंगच्या खोलीत शिरली. धाकटे साहेब तीन बड्या व्यापाऱ्यांना नवी डिझाइनं दाखवत होते.

"आत्ता नाही, मावशी."

"आत्ताच."

तिनं पंखा टेबलावर ठेवला, मागचे स्क्रू काढले, दांडा ज्यात फिरतो त्या आतल्या बुशवर तेलाचे दोन थेंब सोडले, स्क्रू पुन्हा आवळले आणि प्लग लावला. पंखा भर्रकन फिरला. साहेबांचे कागद खोलीभर उडाले.

"याला काहीही झालं नव्हतं. बुश कोरडा पडला होता. ढिगातले दहातले आठ असेच आहेत." तिनं हातोडा पुढे केला. "आता फोडा."

"मी?"

"हुकूम तुमचा, तर पहिला घावही तुमचाच."

व्यापारी बघत होते. साहेबांचा चेहरा लाल झाला. आता माघार घेतली तर शोभा होणार, म्हणून त्यांनी हातोडा घेतला आणि मारला. जाळी चेपली, पण पंखा खडखडत फिरतच राहिला. दुसरा घाव घातला तेव्हा कुठे बंद पडला. चांगली चालती वस्तू मारताना माणसाला लाज वाटतेच, मग तो मालक का असेना.

"अजून एकशे एकोणचाळीस आहेत," ती म्हणाली.

साहेब खुर्चीत बसले. चेपलेला पंखा जवळ ओढून त्यांनी विचारलं, "जुन्या पंख्यांचे बुश कोरडे पडत नव्हते?"

"पडायचे की. पण मागं तेल सोडायला भोक असायचं. घरातलं कुणीही दोन थेंब सोडायचं, काम भागायचं. ते भोक तुमच्या नव्या डिझाइननं बुजवलं. सुधारणा म्हणून."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

एका व्यापाऱ्यानं खोकून हसू लपवलं. साहेबांनी भिंतीवर लावलेल्या डिझाइनच्या नव्या नकाशाकडे पाहिलं, मग चेपलेल्या पंख्याकडे. दोन्ही त्यांचेच पराक्रम होते.

"टेबल बंद होणार नाही. कुणी घरी जाणार नाही," ते हळूच म्हणाले. मग स्वतः उठून त्यांनी एक खुर्ची ओढली. "बसा, मावशी. हा नकाशा जरा बघून सांगा, आणखी कुठे चुकलंय."

ती बसली नाही.

"आम्ही सहा जणी आहोत, साहेब. आणखी पाच खुर्च्या मागवा."