मार्लीसने पेले घासले नाहीत

मार्लीस डिटब्रेनरच्या नाकाला गाव वचकून होतं. एकतीस वर्षं ती चीजच्या कारखान्यात दूध हुंगायच्या कामावर होती. पहाटे टँकर दारात लागला की वरचं झाकण उघडून पहिला वास घ्यायचा तो मार्लीसने; नळ्या, बाटल्या, यंत्रं हे सगळं नंतर. कुणाच्या गाईंनी कुंपणापलीकडचा रानकांदा खाल्लाय, कुणाचं दूध रात्री नीट गार झालेलं नाही, हे तिला तेवढ्या एका श्वासात कळायचं. अख्ख्या विस्कॉन्सिनात असं नाक नाही, असं तिचा नवरा हयात असताना सांगत फिरायचा. त्याच्या शर्टाच्या वासावरून तो कुठे बसून आला हेही तिला कळायचं, हे मात्र तो सांगायचा नाही.

पण गावात तिला मान होता तो नाकापेक्षा तोंडासाठी. एखाद्याचं दूध परत पाठवायचं झालं, तर ती सगळ्यांसमोर कधी बोलली नाही. शेतकऱ्याला वजनकाट्याच्या मागे न्यायची, "उत्तरेकडचं कुंपण बघून घ्या," एवढं सांगायची आणि परत जागेवर येऊन उभी राहायची. एकतीस वर्षांत कुणाचं दूध परत गेलं याची यादी तिच्या बायबलाइतकी जाड झाली असती. ती यादी तिने कधी कुणाला वाचून दाखवली नाही.

निवृत्त झाल्यावर ती दर गुरुवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जाऊ लागली. तिथे गावातल्या आया आपापली चिल्लीपिल्ली घेऊन जमतात. मुलं खेळतात, खाऊ खातात, मग वरून पाद्रीबाई येऊन त्यांना वीस मिनिटं गोष्ट सांगतात. त्या वीस मिनिटांत आया घडीच्या खुर्च्यांवर टेकून कॉफी पितात आणि मार्लीस पिवळे रबरी हातमोजे चढवून सगळ्यांचे पेले, सिपर, बाटल्या घासते. प्रत्येकावर कागदी चिकटपट्टीने मुलाचं नाव लावलेलं. घासून, पुसून, नावाप्रमाणे ओळीने मांडलेलं मिळतं. घरी नेऊन घासायचं झेंगट नाही, म्हणून आयांना मार्लीस देवमाणूस वाटायची.

झाकण उघडल्यावर मार्लीसला काय काय कळतं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

तसा गुरुवारचा गट मायाळू होता. मार्लीसचा नवरा गेला तेव्हा गटाची पुढारीण शेल्बी व्हँडहे हिने तीन आठवडे तिच्या दारात गरम जेवण पोचवलं होतं. एकही दिवस चुकला नाही. पण शेल्बीचं सगळंच असं नेटकं. खाऊची पाळी कुणाची याचा तक्ता तिचा, हॉलच्या फ्रिजवर चिकटवलेला नियमांचा कागद तिचा, त्यावरचं प्लास्टिकसुद्धा तिने घरून लावून आणलेलं. साखर नको, डब्यातला रस नको, नारिंगी रंगाचं काही नको. मुलाला कोण काय पाजतं आणि आई स्वतः काय पिते, यावर खुर्च्यांवर बसून जे काही चालायचं, ते ऐकत मार्लीस पेले घासायची आणि गालातल्या गालात हसायची.

ऑक्टोबरात तिची सून केंड्रा चार महिन्यांच्या ओटिसला घेऊन गटात येऊ लागली. केंड्रा ॲरिझोनाची. मार्लीसचा मुलगा ब्रोडी ट्रकवर; सोमवारी गेला की शुक्रवारी उगवायचा. मधले चार दिवस केंड्रा, बाळ आणि खिडकीबाहेर मक्याची खुंटं. गुरुवारचा हॉल हेच तिचं माणसांत येणं. दुसऱ्या महिन्यापासून तिला अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून ती वर थोडं डब्याचं देई. तिने ते लपवलंही नाही. सगळ्यांसमोर बाटलीत पावडर घालून हलवायची. खुर्च्यांवर भुवया वर जायच्या, खाली यायच्या.

आणि मग तो शुक्रवार आला.

शुक्रवारी तळ्याकाठच्या हॉटेलात अर्धं गाव तळलेली मासळी खायला असतं. ब्रोडी, केंड्रा, बाळ आणि मार्लीस कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. मार्लीसने सुनेसाठी न विचारताच काळी बिअर मागवली. मार्लीस बाळंतीण होती तेव्हा तिची सासू दर संध्याकाळी तिच्यापुढे काळ्या बिअरचा पेला आणून ठेवायची, "पी, दूध उतरेल." करडी बाई होती ती. आयुष्यभरात तिने सुनेसाठी मायेने केलेली ती एकच गोष्ट, म्हणून मार्लीसने चव आवडत नसतानाही पेला कधी परत केला नाही.

"मार्लीस, मी डॉक्टरीणबाईंना विचारलंय," केंड्रा हसत म्हणाली. "बिअरने दूध वाढत नाही म्हणे. फक्त सासू खूश होते."

"मग मला खूश कर."

केंड्राने आधी ओटिसला पाजून घेतलं, मग अर्धा पेला प्यायली. उरलेला मार्लीसने संपवला. पण ओटिस अजून शालीखाली होता आणि भरलेला उंच पेला समोर होता, नेमक्या तेव्हाच पलीकडच्या टेबलावरून गटातल्या ट्रीनाने आपल्या पोराचा फोटो काढला. पोराने नाकात बटाट्याच्या काड्या खुपसल्या होत्या. ट्रीनाने तो गंमत म्हणून गटातल्या सगळ्यांच्या फोनवर टाकला. मागे काय दिसतंय, तिने पाहिलंसुद्धा नव्हतं.

शेल्बीने पाहिलं. "मागच्या टेबलाकडे बघा," तिने लिहिलं. "मी नाव घेत नाही."

मग बाकीच्यांना कंठ फुटला. बाळ अंगावर आहे ना गं ते? पेला केवढा! आणि एरवी डब्याचं देते, म्हणजे तेही आणि हेही! शेवटी शेल्बीने लिहिलं, की गुरुवारी गोष्टीच्या वेळात दोन नवे नियम मताला टाकू: गटात डब्याचं दूध आणायचं नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने पिणं बंद ठेवायचं.

केंड्राने फोन सासूच्या पुढे धरला. तिचे डोळे कोरडे होते, ते मार्लीसला जास्त लागलं.

"बाटली दिली तर आळशी, अंगावर पाजलं तर बेवडी. नक्की काय द्यायचं, ते एकदा लिहूनच द्या म्हणावं. माझी आई म्हणतेय, हिवाळाभर ॲरिझोनाला ये. मी तिकीट बघते."

"किती दिवस?"

"एप्रिलपर्यंत."

एप्रिलपर्यंत ओटिस रांगायला लागला असता. मार्लीसने मनातल्या मनात महिने मोजले आणि मध्येच सोडून दिले.

"ती बिअर मी मागवली होती. मी सांगते त्यांना."

"अजिबात नाही! मग म्हणतील, सासूला पुढे केलं. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. कबूल करा."

मार्लीसने कबूल केलं. मग म्हणाली, "या गुरुवारी तेवढी ये. तुझा बाटलीचा ब्रश हॉलमध्येच राहिलाय."

त्या आठवड्यात मार्लीसला झोप कमी आली. बोलायचं असतं तर तिच्याकडे दारूगोळा भरपूर होता. ट्रीनाच्या पोराच्या सिपरमध्ये 'साधं ओटचं दूध' असतं, त्यात स्ट्रॉबेरीची पावडर इतकी असते की झाकणाच्या खाचेत गुलाबी गाळ बसतो. आणि शेल्बीच्या धाकटीची बाटली. "कामावर पिळून ठेवते, फ्रीजर भरलाय नुसता," असं शेल्बी सांगायची. सहा महिने ती बाटली मार्लीसच्या हाताखालून जात होती. डब्याच्या दुधाला एक वास असतो, ओल्या किल्लीसारखा. तो मार्लीसला बाटली सिंकमध्ये ठेवायच्या आधीच यायचा. तिने तो दर गुरुवारी गरम पाण्याखाली धुऊन टाकला होता, जसं वजनकाट्यामागचं बोलणं तिथेच ठेवायची तसं.

आताही ती बोलणार नव्हती. सुनेला कबूल केलं होतं, आणि त्याआधी स्वतःला.

गुरुवारी पाद्रीबाई खाली आल्या, मुलं सतरंजीवर बसली. सिंकशेजारी पेल्यांचा ढीग पडला. केंड्रा ओटिसला कडेवर घेऊन दाराजवळ उभी होती. कोट काढलाच नव्हता. शेल्बीच्या हातात कागद होता. मार्लीसने हातमोजे उचलले, पाहिले, आणि खुंटीला अडकवले.

"आज माझी बोटं धड नाहीत, पोरींनो. तुम्हीच सगळ्या मिळून घासून घ्या."

खोटं काही नव्हतं. गेल्या दहा वर्षांत तिची बोटं धड नव्हतीच. तिने पुसायचा टॉवेल घेतला आणि सिंकच्या टोकाला स्टुलावर बसली. ढिगात सगळ्यात वर तिने स्वतःचा झाकणाचा पेला ठेवला होता. दुसऱ्यांची झाकणं उघडायची, तर आपलं आधी उघडायला हवं.

ट्रीनाने तोच पहिला उचलला. झाकण फिरवलं आणि मान मागे घेतली.

"मार्लीस! यात ब्रँडी आहे!"

"चमचाभर. ती कॉफी चर्चची आहे ना, तिला काहीतरी हवं."

"चर्चमध्ये ब्रँडी?"

"तळघरात," मार्लीस म्हणाली.

हसून हसून एकीला ठसका लागला. तेवढ्यात कुणीतरी ट्रीनाच्या पोराचा सिपर उघडला. "ट्रीना, हे ओटचं दूध ना गं? गुलाबी कसं?"

ट्रीना कानापर्यंत लाल झाली. मग तिलाही आवरेना. "ओटचंच आहे. माझं बोलणं ऐकून लाजलंय बिचारं."

"आणि हे नारिंगी काय? मसुराची पेज म्हणालीस!" दुसरी तिसरीला म्हणाली. "मॅकरोनीचं चीज आहे हे, मी पावडर ओळखते, माझ्याकडे दोन खोकी आहेत!"

तो सगळा हशा एका टोकाला चालला होता. दुसऱ्या टोकाला, मार्लीसच्या स्टुलापाशी, शेल्बी पाठ करून उभी होती. धाकटीची बाटली तिने हळूच पिशवीत घातली. "मी घरी धुईन," ती कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली.

केंड्रा ब्रश घ्यायला तिथेच आली होती. बाटलीचं झाकण सैल होतं. मार्लीसने पाहिलं, सुनेच्या नाकपुड्या जराशा हलल्या. दिवसातून सहा वेळा जो वास घेते, तो तिला ओळखायला एकतीस वर्षांची नोकरी लागत नव्हती.

मार्लीसच्या हातातला टॉवेल थांबला. केंड्रा एक वाक्य मोठ्याने बोलली असती तर शेल्बीचा कागद तिथल्या तिथे फाटला असता, आणि शेल्बीही. तसं बोलायचा तिला हक्क होता. मार्लीसला एकाएकी वाटलं, हातमोजे खुंटीला अडकवून आपण काय करून बसलो!

केंड्राने स्वतःचा ब्रश पुढे केला.

"हा घे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "झाकणातल्या चकतीच्या खाली बसतं ते. नुसत्या पाण्याने जात नाही."

शेल्बीने तिच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून बाटली काढली, ब्रश घेतला आणि घासायला लागली. घासून झाल्यावरही घासत राहिली.

"तुझं कधीपासून?" तिने नळ सोडून विचारलं.

"दुसऱ्या महिन्यापासून. तुझं?"

"कामावर परत गेले त्या आठवड्यात आटलं. नवऱ्यालासुद्धा..." पुढचं नळाच्या पाण्यात गेलं.

मार्लीस टॉवेलाची घडी घालत होती. तीन वेळा घातली.

"शेल्बी, त्या नियमांचं काय?" पलीकडून ट्रीनाने डोळे पुसत विचारलं. "गोष्ट संपत आली बघ."

शेल्बीने हात पुसले. कागद ओल्या ओट्यावर पडला होता आणि त्यावरची शाई पसरली होती. तिने तो उचलून कचऱ्यात टाकला.

"राहू दे. फ्रिजवर जागा नाही." मग ती केंड्राकडे वळली, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "फोटोवर मी ते लिहायला नको होतं. चुकलंच माझं."

केंड्राने ओटिसला एका कडेवरून दुसरीवर घेतलं. "पेला मोठा होता, हे खरंय. पण अर्धा मार्लीसने मारला."

"अर्ध्याहून जास्त," मार्लीस म्हणाली.

मुलं सतरंजीवरून उठून धावत आली. मग जाड कोट, बूट आणि हरवलेला एक हातमोजा यांत पंधरा मिनिटं गेली. मार्लीस टोपी घालून दाराशी थांबली होती. गाडीत सून तिकिटाबद्दल काय म्हणेल, हे ती मनात जुळवत होती; आपण काय उत्तर द्यायचं हेही. केंड्राचा पत्ता नव्हता.

मार्लीसने मागे वळून पाहिलं. केंड्रा फ्रिजसमोर उभी होती. खाऊच्या तक्त्याला दोरीने बांधलेलं पेन तिच्या हातात होतं आणि ओटिस ती दोरी तोंडात घालायला बघत होता.

"जानेवारीत कुणीच नाव दिलेलं नाही," ती म्हणाली. "थंडीचं कुणाला नको असतं वाटतं."

"नकोच असतं."

"मी दोन गुरुवार घेतले. साखर न घालता काय करता येतं, मार्लीस?"

"काही नाही," मार्लीस म्हणाली. "थोडी घालायचीच."

तिने नातवाच्या तोंडातून दोरी सोडवली. बाटलीचा ब्रश सिंकच्या कडेला वाळत पडला होता. मार्लीसने तो तिथेच राहू दिला.