मोगलाईची रेघ

"ही रेघ पुसा, पेंटरभाऊ. उद्या सारं गाव हसंल मला."

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सत्तरीच्या सखूबाई माझ्या शिडीखाली उभ्या होत्या. नेवासा तालुक्यातल्या गोदाकाठच्या त्या शाळेच्या भिंतीवर मी देशाचे तीन नकाशे रंगवत होतो: इंग्रजांच्या काळातला, फाळणीचा आणि आजचा.

या कामात तंद्री लागते. ब्रश फिरतो तसा मुलूख वेगळा होत जातो. सावेडीत घरासमोर मला स्कूटर सरळ लावता येत नाही, आणि इथं मी देश आखत होतो! नदीवरून वारा यायचा, तेव्हा भिंतीवरचा ओला निळा समुद्र हलल्यासारखा वाटायचा.

त्याच तंद्रीत घोळ झाला. खाका, म्हणजे रेघा उमटवायचा भोकं पाडलेला कागद, मी तिसऱ्या नकाशालाही फाळणीचाच वापरला. त्यामुळे आजच्या देशातही निजामाच्या राज्याची लाल रेघ उमटली. वरून पिवळा मारला, तरी ती खालून फुटत होती.

निजामाचा मुलूख म्हणजे आमच्याकडची मोगलाई. ती नदीपलीकडे सुरू व्हायची. सखूबाईंचं माहेर तिथलं.

"माझ्या जल्माआदीच ती शीव गेल्ती," त्या म्हणाल्या. "तरी सासरी आल्यापासनं मी मोगलाईवाली. भाजीत मीठ जास्त झालं, की मोगलाईची रीत! आन् आता तुमी भिंतीवरच काडून ठिवलं."

मुख्याध्यापिका साळवेबाई आल्या. "पेंटर, उद्या उद्घाटन आहे. देशात देश ठेवू नका."

"मधे सिल्व्हरचा हात मारतो बाई. लाल दबेल."

सिल्व्हर मारला, वर पुन्हा पिवळा. उतरत्या उन्हात देश एकसंध, नितळ दिसू लागला. सखूबाई भिंतीजवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "आता माझं माहेर कुठं हाय यात?"

मी परत शिडी चढलो आणि नकाशातल्या नदीच्या वर, पलीकडच्या काठाला, एक हिरवा ठिपका दिला.

"ही कुणाची राजधानी?" साळवेबाईंनी विचारलं.

"सखूबाईंची."

दुसऱ्या दिवशी उद्घाटनात सखूबाईंचे मालक पाहुण्यांना बोट ठेवून ठिपका दाखवत होते. "ही आमची मोगलाई!"

"बोट काडा, रंग वला हाय!" सखूबाई मागून ओरडल्या.

उशीर झाला होता. हिरवा रंग नदी ओलांडून अलीकडे पसरला होता.

ऑइलपेंट वाळल्याशिवाय उद्घाटन ठेवायचं नाही, हे मी तेव्हापासून आधीच सांगतो. तो ठिपका नीट करायला मात्र मला अजून कुणी बोलावलेलं नाही.