लोलक हलेना

कंपनीत तिला सगळे भिंगरी म्हणत. खुर्चीत बसली तरी तिचा पाय हलत राही, चहा निवायच्या आत पिऊन ती जीभ पोळून घेई, आणि घरी फोन लावला की दोनचार घंटा वाजताच ठेवून देई. वर भावाला सांगे, "आई उचलतच नाही."

शाळांसाठी ती एक वेबपान तयार करत होती. त्यावर जावा भाषेतली दोन ॲप्लेट, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारे दोन छोटे प्रोग्रॅम. एकात बटणं, दुसऱ्यात लोलक. पान उघडताच पहिल्याने दुसऱ्याला नावाने हाक मारून गाठायचं, मग बटण दाबलं की लोलक झुलायचा. तिच्या संगणकावर तो इमानेइतबारे झुले. शाळेत मास्तरांसमोर मात्र ढिम्म, तेही साहेबांच्या देखत.

"दुपारी मास्तर परत बघणार आहेत," साहेब म्हणाले. "नाही हलला, तर काम गेलं. मग तुला ठेवणं मला जमायचं नाही." त्यांनी आवाजही चढवला नाही.

तिने नावं तपासली, अर्धा प्रोग्रॅम नव्याने लिहिला, भिंतीवर राग काढला. शेवटी वैतागून शाळेच्या जुन्या संगणकासमोर जाऊन बसली. पान उघडलं. बटणं लगेच आली. लोलकाची जागा करडीच. त्याची चित्रं मोठी, शाळेची इंटरनेटची लाइन संथ, बिचारा अजून उतरत होता. आणि बटणांच्या प्रोग्रॅमने एकदाच हाक मारून त्याचा नाद सोडला होता.

"कुणी लिहिलंय हे," ती पुटपुटली. लिहिणारी तीच होती.

मग तिने लिहिलं: उत्तर नाही आलं तर थोडं थांब, पुन्हा हाक मार. येईपर्यंत मारत राहा.

दुपारी मास्तरांनी पान उघडलं. तिने हलणारा गुडघा हाताने दाबून धरला. बराच वेळ काहीच नाही. मग लोलक आला, आणि बटण दाबताच झुलला.

"जरा उशीर लागतो याला," मास्तर म्हणाले.

"जड आहे. पण येतो."

कचेरीत परतल्यावर तिने घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. सवयीने हात फोन ठेवायला निघाला, तेव्हा तिला आईचे गुडघे आठवले. स्वयंपाकघरापासून फोनपर्यंत ती भिंत धरत धरत यायची. भिंगरीला स्वतःची लाज वाटली. ती थांबली.

खूप वेळाने फोन उचलला गेला. आई धापा टाकत, हॅलोसुद्धा न म्हणता बोलली, "ठेवू नकोस गं, आले मी."