फोटोतलं छप्पर

पत्र्याला मारायच्या तांबड्या रंगाचा वास आला की पेणच्या आमच्या पडवीत बसलेला तो छपराचा ठेकेदार आठवतो. आदल्या पावसात आमचं छप्पर ठिकठिकाणी गळलं होतं, पुढचा पाऊस महिन्यावर आला होता, आणि हा गृहस्थ वर चढून बघायचं सोडून खुर्चीत पाय हलवत मोबाइलवर फोटो दाखवत होता. "हे रोह्याचं काम, आपल्याच हातचं. दहा वर्षं थेंब गळायचा नाय." चहा घेऊन आलेल्या बायकोने फोटोत डोकावून पाहिलं आणि ट्रे हातातच धरून ठेवला. "हे माझं माहेर हाय," ती म्हणाली. "पत्रे माझ्या भावाने चढवलेत. तुम्ही कधी गेलात तिथं?" मला वाटलं, आता तरी हा मान खाली घालेल. तो हसला. "मग बरंच झालं वहिनी, क्वालिटी तुमी घरातच बघितलीय!" बायको चहा घेऊन तशीच आत गेली आणि तिने भावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी तो रोह्याहून आला, पाणीही न पिता आधी छपरावर चढला, आणि त्या पावसात घर कोरडं राहिलं. त्या ठेकेदाराची मला आजही किळस येते. पण त्या निर्लज्ज माणसाला मी तासभर 'साहेब, साहेब' करत होतो, याची जास्त येते.