व्यस्त चलनाचा भाडेकरू

आमच्या भाडेकरूइतका सरळ मनाचा आणि उलट्या डोक्याचा माणूस सबंध चिंचवडात झाला नाही. माझी पिठाची गिरणी, तिच्या मागच्या खोलीत तो राहायचा. लातूरकडचा, कंपनीत टर्नर. सुपरवायझर व्हायला परीक्षा होती आणि तिच्यात बीजगणित. दोनदा नापास झालेला. तिसरी संधी शेवटची. त्यातलं व्यस्त चलन त्याच्या डोक्यात असं शिरलं, की जिथे एक वाढून दुसरं कमी होई, तिथे त्याला तेच दिसे. दिवस गेले, डब्यातलं रॉकेल उतरलं, व्यस्त चलन. माझं वय वाढलं, दात कमी झाले, तेही व्यस्त चलन. गिरणीच्या भिंतीवर खडूने लिहायचा, क्ष गुणिले य बरोबर क. क्ष कोण, य कोण, मला कधीच कळलं नाही. क मात्र काही केल्या बदलत नाही म्हणे. मला सासूबाई आठवायच्या. एकदा पूजेच्या जेवणाला दोघी पोळ्या लाटणार होत्या, तर हा आठजणींना सांगून आला. बाया चौपट, वेळ पाव. चूल एकच. आठजणी गप्पा मारत बसल्या आणि माणसं चार वाजता जेवली.

परीक्षेच्या आदल्या रविवारी तो गिरणीच्या पट्ट्याकडे बघत बसला होता. मोटरची पुली चार इंची, मिनिटाला चौदाशे फेरे; जात्याची चौदा इंची, चारशे फेरे. म्हणाला, हे व्यस्त चलन. मी विचारलं, मग तुझ्या रॉकेलात आणि ह्यात फरक काय? त्याचं तोंड उतरलं.

"मावशी, पुस्तकात लिवलंय, दोघांचा गुणाकार सारखाच राहायला पाहिजे."

मी चौथी शिकलेली, पण पाढे पाठ. म्हटलं, "मग गुणून का बघत नाहीस, मेल्या?"

पुल्यांचं गुणलं, दोन्हीकडे छप्पन्नशे. रॉकेल पहिल्या दिवशी नऊ बाटल्या, दुसऱ्या दिवशी आठ. दिवस आणि बाटल्या गुणल्यावर नऊ आणि सोळा. त्याने खडूने रॉकेलावर काट मारली. एवढी वर्षं नुसतं पाठ केलं होतं.

पास झाला. लग्न करून निगडीला गेला. खोली मी दुसऱ्याला दिली नाही, तिथे कोंडा ठेवते.

पहिल्या वर्षी बारा वेळा भेटायला आला, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी चार. गुणून बघितलं, दरवेळी बाराच. मधली वर्षं मोजली नाहीत. बाराव्या वर्षी एकदा आला. यंदा तेरावं. त्याच्या नियमाने एकापेक्षा कमी फेरी व्हायला हवी. आमचे अपूर्णांक शाळेत घाईत उरकले होते, त्यामुळे एकापेक्षा कमी फेरी म्हणजे काय ते मला कळत नाही. गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेला असेल.