उगारलेल्या हाताचं बीपी

गेल्या मंगळवारी सकाळी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात रुग्णाच्या भावाने नर्सवर हात उगारला. आदल्याच दिवशी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णासाठी त्याने तांबडा रस्सा आणला होता आणि तिने डबा अडवला होता. त्याच्यामागे गावाकडची माणसं ओरडत होती. मी शेजारच्या खाटेजवळ होतो.

नर्स पन्नाशीची, ठेंगणी. बोलण्याआधी चष्मा कपाळावर ढकलायची तिला सवय होती. तिने तो ढकलला आणि उगारलेल्या हाताला बीपीचा पट्टा गुंडाळला.

"आता हलू नगासा, पावणं."

तो हलला नाही. पट्टा फुगला.

"लई वाढलंय की! मारामारी मागनं करा, आधी बसा."

तो बसला. "सिस्टर, गोळी लागंल व्हय?"

मी निघालो तेव्हा मागची सगळी माणसं बीपी बघून घ्यायला रांगेत उभी होती.